ओटीपोटात परत परत दुखतं: पुढची गोळी घेण्याआधी काय तपासायचं

बेंबीच्या खाली कळ येते. घरात कुणी ओव्याची चिमूट हातावर ठेवतं, कुणी बेंबीला हिंग लावतं, नाहीच थांबलं तर फार्मसीतून गोळी येते. तास-दोन तासांत बरं वाटतं आणि विषय मिटतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. गोव्यात डिचोलीत औषधांच्या दुकानात काम करताना हे मी सतत पाहते. एकच माणूस तीच पट्टी न्यायला परत येतो आणि कशासाठी हवी असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "ताई, गॅस झालाय." गॅसच आहे हे कुणी तपासलं, असं विचारलं तर कुणीच तपासलेलं नसतं.

गॅस होतो, त्यात खोटं काही नाही. पण बेंबीखालच्या एवढ्याशा जागेत मोठं आतडं, अपेंडिक्स, मूत्राशय, मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन नळ्या, बायकांचं गर्भाशय आणि बीजांडकोश, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी हे सगळं दाटीवाटीने बसलेलं आहे. यातलं काहीही दुखलं तरी हात एकाच जागी जातो. म्हणून एकच गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. ती कळ दाबते, कारण जागेवरच राहतं. मात्र परत परत येणाऱ्या दुखण्याला एक ठेवण असते. ती ओळखता आली तर डॉक्टरांचं निम्मं काम तुम्हीच केलेलं असतं. ही ठेवण कशी पाहायची ते खाली सांगते. पण त्याआधी ज्यात पाहत बसायचं नाही अशी दुखणी.

या वेळी घरी थांबू नका

पोट लाकडासारखं कडक झालंय, हात लावू देत नाही. उलट्या होताहेत आणि शौच, वारा दोन्ही बंद आहे. थंडी वाजून ताप आहे. शौचातून रक्त पडतंय किंवा शौच डांबरासारखं काळं होतंय. लघवी तुंबली आहे. माणूस घामाघूम होऊन चक्कर येऊन पडतोय. पाळी चुकली आहे आणि एका बाजूला दुखतंय. मुलाच्या अंडकोषात अचानक कळ आली आहे. जांघेतला नेहमी आत जाणारा फुगवटा आज कडक होऊन बाहेरच अडकला आहे. यातलं एकही लक्षण दिसलं तर १०८ ला फोन करा आणि माणसाला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. सत्तरी, सांगे, काणकोण अशा लांबच्या भागात "सकाळी बघू" म्हणण्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. शस्त्रक्रियेची सोय हवी असेल तर म्हापशाचं आझिलो रुग्णालय, मडगावचं जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) गाठावं लागणार, हे रात्रीच ठरवा.

आणि अशा वेळी पोट चोळू नका, एरंडेलही देऊ नका. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून देणारी माणसं अजून वाड्यावाड्यावर आहेत, त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण आत अपेंडिक्स सुजलेलं असेल तर चोळण्याने किंवा जुलाबाच्या औषधाने ते फुटण्याचा धोका असतो.

चार गोष्टी लिहून ठेवा

दुखणं आलं की कॅलेंडरवर खूण करा आणि शेजारी चार गोष्टी टिपा. नेमकं कुठं दुखतं (एका बोटाने दाखवता येतं की अख्खा तळहात लागतो). कसं दुखतं, म्हणजे लाटेसारखं येऊन जातं की एकसारखं ठसठसतं. कशाने वाढतं-कमी होतं: खाण्याने, शौचाने, लघवीने, चालण्याने. आणि पाळी येणाऱ्या बाईने पाळीचा कितवा दिवस आहे ते. एवढं दोन-तीन महिने लिहिलं तर बहुतेकांच्या दुखण्याचा आकार दिसायला लागतो.

आणखी एक सोपी परीक्षा. आडवे झोपा, दुखतं तिथं बोट दाबून ठेवा आणि उशीवरून फक्त डोकं-खांदे उचला. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं आहे, आतल्या अवयवातलं नाही. भाटातून नारळाच्या गोणी उचलणाऱ्या, व्यायामशाळेत नवीन जाणाऱ्या किंवा महिनाभर खोकणाऱ्या माणसाला असं होतं. तिथं आतड्याची औषधं घेऊन उपयोग नाही.

उजवीकडे, खाली

अपेंडिक्सची कळ बऱ्याचदा बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकते. भूक मरते, मळमळतं, बारीक ताप येतो. चालताना, खोकताना लागतं. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला होता. अपेंडिक्स सुजलेल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांना हॉस्पिटलला येताना स्पीडब्रेकरवर कळ वाढल्याचं जाणवलं होतं. मात्र दुसऱ्या कारणाने दुखत असणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ते जाणवलं होतं. म्हणजे गाडी आदळल्यावर काहीच लागत नसेल तर अपेंडिक्सची शक्यता कमी, आणि लागत असेल तर तपासणी हवीच. खूप दुखत असताना एकदम आराम पडला आणि मग सगळं पोट दुखू लागलं, तर ते बरं होणं नव्हे, ते फुटल्याचं लक्षण असू शकतं.

हे परत येणाऱ्या दुखण्यांच्या यादीत का? कारण अपेंडिक्सची सूज अँटिबायोटिक्सने उतरवता येते आणि काही रुग्णांत डॉक्टर तसं करतातही. पण फिनलंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना पाच वर्षांच्या आत तोच त्रास पुन्हा झाला. पूर्वी अशी सूज औषधाने उतरली असेल तर पुढच्या वेळी उजवीकडे दुखल्यावर ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

याच जागी आपल्या देशात आणखी एक आजार लपतो, तो म्हणजे आतड्याचा क्षयरोग. लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतात ती जागा त्याला आवडीची. महिनोन् महिने उजवीकडे दुखतं, संध्याकाळी अंग कोमट होतं, वजन उतरतं, कधी जुलाब तर कधी शौच अडतं. खोकला नसतो म्हणून क्षयाचा विचार कुणाच्या मनात येत नाही. क्रोन्स नावाचा आतड्याचा आजारही अगदी असाच दिसतो आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून दुर्बिणीने आत पाहून तुकडा तपासावा लागतो. क्षयाची औषधं सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. वजन उतरत असेल तर गॅसची गोळी बंद करून आधी ही तपासणी.

पाळीशी जुळणारं दुखणं

इथं मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण काउंटरवर सगळ्यात जास्त गप्प राहतात त्या बायका. चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहून देतात किंवा धाकट्या भावाला पाठवतात.

पाळी सुरू होताना किंवा आदल्या दिवशी दुखायला लागतं, दोन-तीन दिवसांत जातं, आणि गरम पाण्याची पिशवी किंवा डॉक्टरांनी सांगितलेली गोळी यांनी आटोक्यात राहतं, हे साधं दुखणं. गर्भाशयात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याने स्नायू आवळतात म्हणून ते होतं. दोन पाळ्यांच्या मध्ये, पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी, एका बाजूला टोचल्यासारखं दुखून दिवसभरात थांबलं तर ते बीज सुटण्याचं असू शकतं. कॅलेंडरवरच्या खुणा इथं लगेच बोलतात.

पण पाळीच्या आधी चार-पाच दिवस सुरू होणारं, दर वर्षी वाढत जाणारं, शाळा-कॉलेज-नोकरी बुडवायला लावणारं दुखणं साधं नाही. त्याबरोबर शौचाला बसताना किंवा संबंधाच्या वेळी खोलवर दुखत असेल, दिवस राहत नसतील, तर एंडोमेट्रिओसिसचा विचार करावा लागतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर बीजांडकोशावर, आतड्यावर वाढतं आणि दर पाळीला तिथंही सूज येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या दर दहा बायकांमागे एकीला हा आजार असतो. तरी तो कळायला अनेकदा वर्षं जातात, आणि त्याला एक कारण घरातलं असतं: "आम्हालाही दुखायचं, लग्न झालं की थांबतं." आई, मावशी, आते असं म्हणतात ते मायेपोटीच. पण लग्न हा त्यावरचा उपचार नाही. आईला जन्मभर असंच दुखलं असेल तर मुलीला तपासून घ्यायचं ते आणखी एक कारण आहे, कारण हा आजार घराण्यात चालतो.

आणि एक ध्यानात ठेवा: साध्या सोनोग्राफीत एंडोमेट्रिओसिस दिसेलच असं नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत" एवढ्यावर मुलीला गप्प बसवू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना कॅलेंडर दाखवा.

पाळीच्या दुखण्यावर मेफेनॅमिक अ‍ॅसिड असलेली गोळी आपल्याकडे सर्रास घेतली जाते. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधकोश आयोगाने तिच्याबद्दल सूचना काढली. क्वचित कुणाला या औषधाने अंगावर पुरळ, ताप, गाठी आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, आणि ती गोळी घेतल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकते. घाबरून गोळी टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण मैत्रिणीच्या पट्टीतली घेऊ नका, आणि पुरळ उठलं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवा.

बीजांडकोशावरची गाठ पुष्कळदा आपोआप जिरते, पण तिला पीळ पडला तर एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या सुरू होतात. ती रात्र हॉस्पिटलचीच. अंगावरून वास येणारं पांढरं जाणं, ताप आणि दोन्ही बाजूंना दुखणं एकत्र असेल तर आत जंतुसंसर्ग असू शकतो. तो अर्धवट उपचाराने दडपला तर पुढे गर्भनलिका बंद पडू शकतात. त्यात जोडीदाराचाही उपचार लागू शकतो, हे सांगायला संकोच करू नका. आणि पाळी चुकली असेल, थोडं डाग लागल्यासारखं असेल, एका बाजूला दुखत असेल, खांद्याच्या टोकाला दुखत असेल, तर गर्भ नलिकेत राहिलेला असू शकतो. लग्न झालेलं असो वा नसो, त्या मुलीला प्रश्न विचारत बसू नका, गाडी काढा.

पन्नाशीनंतरच्या बाईला नव्याने सतत पोट फुगणं, थोडंसं खाऊन पोट भरणं, ओटीपोटात जडपणा, हे गॅसचं वय नाही. बीजांडकोशाचा कर्करोग असाच मुकाट सुरू होतो. तपासून घ्या.

लघवीचा रस्ता

आपल्याकडे मार्च ते मे या दिवसांत हवा ओलसर, घाम थांबत नाही, आणि पाणी प्यायला सवड नसते. बाजारात दिवसभर बसणाऱ्या मासळीवाल्या, बसच्या फेऱ्या करणारे ड्रायव्हर, बांधकामावरचे मजूर, ट्रॉलरवरची माणसं. बायका तर शौचालय जवळ नाही म्हणून मुद्दाम पाणी टाळतात. मग उन्हाळे लागतात. जळजळ, थेंब थेंब, पुन्हा पुन्हा जावंसं वाटणं आणि खाली ओटीपोटात दुखणं. पाणी पिऊन एक-दोन दिवसांत थांबलं तर ठीक. ताप किंवा कमरेत दुखणं असेल तर जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडाकडे चालला असू शकतो, आणि लघवीत रक्त असलं तरी अंगावर काढू नका.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असा संसर्ग झाला तर तो परत परत येणारा समजतात. त्या वेळी अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीची कल्चर तपासणी करा, कारण कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते त्यातच कळतं. मागच्या वेळच्या चिठ्ठीवर तेच औषध मागायला लोक येतात आणि मी नाही म्हटलं की रागावतात. पण दोन दिवस घेऊन सोडलेल्या अँटिबायोटिकने जंतू मरत नाहीत, हट्टी होतात. साखरही तपासा, मधुमेह असला की हे दुखणं वारंवार परततं. पुरुषाला असा संसर्ग झाला तर एकदाही दुर्लक्ष करू नका, प्रोस्टेट किंवा खडा पाहावाच लागतो.

मूतखड्याची कळ वेगळी. कमरेच्या बाजूने निघते आणि जांघेकडे उतरते, लाटांनी येते, माणूस एका जागी बसू शकत नाही. अपेंडिक्सचा रुग्ण हलायचं टाळतो, खड्याचा रुग्ण येरझाऱ्या घालतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा पाण्याबरोबर आपोआप पडतात. मोठा असेल, किंवा खड्याबरोबर थंडी-ताप असेल तर आपोआप पडायची वाट पाहू नका, तुंबलेल्या मूत्रपिंडातला संसर्ग जिवावर येतो.

एकदा खडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पुढच्या दहा वर्षांत पुन्हा होतो. तो टाळायचा तर दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी प्या, घाम जास्त तितकं पाणी जास्त. मीठ कमी करा. खारे बांगडे, सुकटाची किसमूर, लोणची हे आपलं पावसाळ्यातलं आवडतं जेवण, पण मिठामुळे लघवीतून कॅल्शियम जास्त जातं आणि खड्याला तेच हवं असतं. दूध-दही मात्र बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते बंद केलं तर ऑक्झलेटचे खडे उलट वाढतात. तांबडी भाजी, पालक, काजू यांत ऑक्झलेट भरपूर, खडा तसला असेल तर हात आखडता घ्या. पडलेला खडा फेकू नका, तपासायला द्या.

आणि बियर पिऊन खडा पडतो ही गोष्ट गोव्यात इतकी पक्की रुजली आहे की तरुण मुलं डॉक्टरांच्या सल्ल्यासारखी सांगतात. बियरने लघवी वाढते, पण नंतर शरीर कोरडं पडतं. पाण्याने जे होतं त्याला बियरची गरज नाही. लिंबूपाणी प्या, मीठ न घालता.

आतड्याचं नेहमीचं दुखणं

डावीकडे खाली पिळवटून येतं आणि शौच झाल्यावर मोकळं वाटतं, तर बहुधा बद्धकोष्ठ. आधी तुमच्या औषधांकडे बघा. लोहाच्या गोळ्या, काही रक्तदाबाच्या गोळ्या, अ‍ॅसिडिटीची काही पातळ औषधं आणि खोकल्याची कोडिनची औषधं शौच अडवतात. मग दोन्ही वेळच्या पावाकडे बघा. मैद्याच्या पावाऐवजी कोंड्याची पोयी घ्या, भाज्या वाढवा, पाणी वाढवा.

आठवड्यातून एकदा तरी दुखतं, शौचाशी जोडलेलं आहे, कधी पातळ कधी घट्ट, परीक्षा-मुलाखत-भांडण यांत वाढतं, आणि असं सहा महिन्यांपासून चाललंय, तर ते इरिटेबल बॉवेल असू शकतं. त्याने आतडं खराब होत नाही, पण दुखणं खरं असतं. दूध काही दिवस बंद करून पाहा, वेळेवर जेवा, झोपा. मात्र रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, रक्त, वजन उतरणं, पंडुरोग, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला हा त्रास, यांपैकी काही असेल तर इरिटेबल बॉवेल म्हणून सोडू नका. मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी हवी.

दर वेळी "अमीबा असेल" म्हणून मेट्रोनिडॅझोलची अर्धी पट्टी नेणाऱ्यांना माझं हेच सांगणं, की आधी शौचाची तपासणी करा. अमीबा असला तर पूर्ण कोर्स लागतो, नसला तर त्या गोळीचं काही काम नाही.

पुरुषांसाठी दोन गोष्टी

जांघेत फुगवटा, उभं राहिल्यावर किंवा वजन उचलल्यावर दिसतो आणि झोपल्यावर जातो: हर्निया. पट्टा बांधून तो बरा होत नाही, सोयीच्या वेळी शस्त्रक्रिया करून घ्या. दुसरी गोष्ट बारा ते अठरा वर्षांच्या मुलांची. अंडकोषाला पीळ पडला तर मुलगा लाजून "पोटात दुखतं" एवढंच सांगतो. सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तरच अंडकोष वाचण्याची चांगली आशा असते. मुलाच्या पोटात अचानक कळ येऊन उलटी झाली तर बाबांनी किंवा काकांनी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट विचारावं.

डॉक्टरांकडे जाताना

कॅलेंडर, आधीचे रिपोर्ट आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक काढे-चूर्णंही. किती वेळा, किती गोळ्या घेतल्या ते खरं सांगा. सततच्या वेदनाशामकांनी जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते, उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी असताना तर अधिक. सोनोग्राफीला भरलेलं मूत्राशय लागतं, म्हणून सांगतील तितकं पाणी पिऊन जा.

सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून केली तरी चालते, तिथली चिठ्ठी घेऊन पुढे गोमेकॉत योग्य विभागात जाता येतं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचं कार्ड असेल तर ते बरोबर ठेवा. रिपोर्ट नॉर्मल आले आणि दुखणं तरी परतलं, तर "आता दुखत असताना तपासा" असं स्पष्ट म्हणा, आणि यानंतर कुठली तपासणी उरली आहे तेही विचारा. सोनोग्राफीत आतड्यातल्या हवेमुळे बरंच झाकलं जातं. लहान खडा, सुरुवातीचा एंडोमेट्रिओसिस, आतड्याची सूज यांतलं काहीही तिच्यातून निसटू शकतं, आणि त्यांच्यासाठी सीटी स्कॅन, दुर्बीण किंवा एमआरआय अशा पुढच्या तपासण्या आहेत.